फुरसे : कोकण किनाऱ्यावरील इतिहास

फुरसे : कोकणातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर विपुल आढळणारा एक लहान, पण अत्यंत विषारी सर्प. याचे शास्त्रीय नाव एकिस कॅरिनेटस असून त्याचा समावेश व्हायपरिडी या सर्पकुलात होतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सर्पांच्या दंशाने भारतातील सर्पदंशाचे बहुतेक मृत्यू ओढवतात. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांपुरते पाहिल्यास मात्र सरकारी दप्तरांत सर्वाधिक जागा या चौघांतील सर्वांत लहान सर्पाने व्यापली आहे. एकोणिसाव्या शतकात त्याच्या निर्मूलनासाठी जी मोहीम निघाली, तिचे आकडे आजही थक्क करणारे आहेत. त्या आकड्यांनी नेमके काय साधले, हा प्रश्न त्याहून अधिक विचार करण्याजोगा आहे.

कोकणातील फुरशाची लांबी साधारणपणे ३० ते ४० सेंमी. भरते. वायव्य भारतात व सिंधमध्ये आढळणारी फुरशी याहून बरीच मोठी, क्वचित ८० सेंमी.पर्यंत लांब असतात. रंग तपकिरी, विटकरी किंवा मातकट असून पाठीवर फिकट ठिपक्यांची रांग व दोन्ही बाजूंना नागमोडी पांढरट रेषा असते. डोके मानेहून रुंद असून त्यावर बाणाच्या टोकासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी फिकट खूण असते. डोळे मोठे व बाहुली उभी असते. अंगावरील खवल्यांना मधोमध उंच कणा असतो. शरीराच्या बाजूंवरील खवले तिरपे असून त्यांचे कणे करवतीच्या दातांप्रमाणे असतात. डिवचले गेल्यास फुरसे इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वेटोळी घालते आणि ती एकमेकांवर घासून करवत चालविल्यासारखा खरखरीत आवाज काढते. याचा पवित्रा आक्रमक असून चावा विजेच्या वेगाचा असतो. विंचू, गोम, बेडूक, पाली, सरडे व लहान उंदीर हे त्याचे भक्ष्य होय. मादी अंडी न घालता एका वेळी बहुधा चार ते आठ जिवंत पिले प्रसवते, आणि ही पिले जन्मतःच विषारी असतात.

शास्त्रीय वाङ्मयात या सर्पाचा प्रवेश पूर्व किनाऱ्यावरून झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश वैद्य पॅट्रिक रसेल यांनी १७९६ मध्ये कोरोमांडल किनाऱ्यावरील सर्पांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील वर्णनावरून जर्मन प्राणिशास्त्रज्ञ योहान श्नायडर यांनी १८०१ मध्ये या सर्पास शास्त्रीय नाव दिले. आज ही जाती पश्चिम आशियाच्या रुक्ष प्रदेशापासून भारतीय द्वीपकल्पापर्यंत व श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यापर्यंत पसरलेली दिसते. श्रीलंकेतील फुरशी सिंहलेयुस या उपजातीची म्हणून १९५१ मध्ये वेगळी काढण्यात आली, तर मकरान किनाऱ्यासमोरील अस्तोला या ओसाड बेटावरील फुरशांना १९७० मध्ये अस्तोली असे उपजातीचे नाव मिळाले. सर्व बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूमीवर एखादा सर्प किती दाटीने नांदू शकतो, याचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्राझीलच्या किनाऱ्यासमोरील केमाडा ग्रांडी हे बेट. तेथील सोनेरी भालाशीर्ष सर्प जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. कोकणातील सडा हेही सर्पाच्या दृष्टीने एक प्रकारचे बेटच आहे, फक्त त्याच्या भोवती समुद्राऐवजी भातखाचरे, माडांच्या बागा, खाड्या व दाट झाडीच्या घळी असतात.

देवगड, मालवण व वेंगुर्ले या तालुक्यांत खाड्यांच्या दरम्यान जांभ्याचे हे सपाट कातळ मैलोन्‌मैल पसरलेले आहेत. पावसाळ्यात त्यांवर गवत व रानफुले उगवतात, तर मार्गशीर्षानंतर ते करडे व तापलेले होतात. मृदेचा थर पातळ असल्याने मोठे वृक्ष येथे आपोआप रुजत नाहीत, परंतु फुरशाला नेमके हेच हवे असते. सुट्या दगडांखालील फटी, गवताचे बुंधे, तुटलेल्या जांभ्याचे ढीग आणि शेतांभोवती चिरे रचून घातलेले गडगे यांत ते दिवसभर दडून राहते आणि रात्री भक्ष्यासाठी बाहेर पडते. ज्या फटीत विंचू असतो, त्याच फटीत त्याला खाणारे फुरसेही असते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या दाट, ओलसर जंगलात त्याचे प्रमाण कमी होते. तिकडे चापडा व वर वळलेल्या नाकाचा त्याचाच एक भाईबंद आढळतात.

या कातळावर माणसाचे सतत येणे-जाणे असते. गुरे चारणे, गवत कापणे, भाजावळीसाठी कवळ तोडणे, पातेरा गोळा करणे, चिरे काढणे, गडगे बांधणे व दुरुस्त करणे ही सर्व कामे अनवाणी पायांनी व उघड्या हातांनी होत आली. फुरसे लहान, दगडाच्या रंगाचे व जागचे न हलणारे असल्यामुळे पाय पडेपर्यंत ते दिसत नाही. नाग मनुष्याची चाहूल लागताच बहुधा निघून जातो, पण फुरसे जागेवरच वेटोळे घालून राहते. दंश हातापायांच्या बोटांना, घोट्याला किंवा पोटरीला होतो. दंश होणारे लोक बहुतेक शेतमजूर, गुराखी व गवत कापणाऱ्या स्त्रिया असत. या प्रदेशातील सर्पदंशाचा इतिहास हा म्हणूनच मुख्यतः कष्टकऱ्यांचा इतिहास आहे, आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवलेले त्यात जवळजवळ काहीच नाही.

प्राचीन वैद्यकात सर्पदंशाचे निरीक्षण सूक्ष्म होते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सर्पांचे दर्वीकर, मंडली व राजिमान असे गट पाडले असून मंडली सर्पांच्या विषाने शरीराच्या ऊर्ध्व व अधो मार्गांनी रक्त वाहते, असे लक्षण सांगितले आहे. घोणस व फुरसे या दोघांच्या दंशाला ते तंतोतंत लागू पडते. लोकाचारात मात्र फुरशाला स्थान नाही. नागपंचमीला वारुळाची पूजा होते, मंदिरांत नागशिळा असतात, देवराईतील सर्पाला हात लावू नये असा संकेत आहे; पण हे सर्व मोठ्या, फणा काढणाऱ्या सर्पाच्या वाट्याला आले. फुरसे दिसले की दगडाने ठेचावे, हाच सर्वमान्य विधी. दंशाविषयी बोलताना मात्र त्याचे नाव टाळण्याची चाल होती. साप चावला असे न म्हणता ‘पान लागले’ असे म्हणत आणि सापाला ‘जनावर’ किंवा मालवणीत ‘किरडू’ म्हणत. रोग्याला प्रथम मांत्रिकाकडे नेले जाई. सर्पदंशांपैकी अनेकांत विष शिरतच नाही वा अल्प शिरते, त्यामुळे मांत्रिकाचा रोगी पुष्कळदा बरा होई आणि त्याची कीर्ती वाढे.

येथे मोहिमेच्या काळातील जिल्ह्याची व्याप्ती लक्षात घेणे आवश्यक आहे. सध्याचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी मालवण, देवगड व वेंगुर्ले हे रत्नागिरी जिल्ह्याचे भाग होते. १८६२ मध्ये हा जिल्हा उत्तरेस सावित्रीपासून दक्षिणेस तेरेखोलच्या परिसरापर्यंत किनाऱ्यालगत पसरलेला होता, तर सावंतवाडी हे स्वतंत्र संस्थान होते. त्यामुळे त्या काळच्या ‘रत्नागिरी’च्या आकड्यांत आजच्या सिंधुदुर्गच्या किनारपट्टीचाही वाटा आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

सरकारने फुरसे मारून आणणाऱ्यास रोख इनाम देण्यास सुरुवात केली आणि सड्यांवर शिकार सुरू झाली. १८६२ च्या डिसेंबर महिन्यात अवघ्या आठवड्याभराच्या अवधीत या जिल्ह्यात १,१५,९२१ सर्प इनामासाठी सादर झाल्याची नोंद आहे. म्हणजे दिवसाला सरासरी चौदा ते सोळा हजार! इनाम चालू असलेल्या सहा वर्षांची वार्षिक सरासरी २,२५,७२१ इतकी पडते. या हिशेबाने सहा वर्षांत साडेतेरा लाखांवर सर्प नष्ट झाले. एका जिल्ह्यातील ही संख्या नुसती वाचली, तर सर्पांचा वंशच संपला असावा असे वाटेल.

या आकड्यांकडे सावधपणे पाहिले पाहिजे. गावोगावी मोजणी करणाऱ्यांना प्रत्येक सर्पाची जात तपासणे शक्य नव्हते, त्यामुळे मृतांत बिनविषारी सर्पही असणार. तथापि आकड्यांचा मोठा भाग खरा असावा, असे मानण्यास जागा आहे. डिसेंबरात भाताची कापणी व मळणी आटोपलेली असते आणि मजुरांचे हात मोकळे असतात. सड्यांवरील गवत वाळलेले व कापलेले असते, आणि फुरशी दिवसा दगडांखाली निपचित पडून असतात. अशा वेळी दगड उलथत जाणाऱ्या एका कुटुंबाला दिवसात पुष्कळ सर्प सापडणे अवघड नव्हते. नगदी उत्पन्न अत्यल्प असलेल्या आणि मुंबईच्या कमाईवर जगू लागलेल्या या जिल्ह्यात काही पैंचे इनामही मोलाचे होते. दिल्लीत इनामासाठी लोकांनी नाग पाळले, अशी एक गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून वारंवार सांगितली जाते. तिला भक्कम कागदोपत्री आधार नाही. रत्नागिरीकरांना तर सर्प पाळण्याचे कारणच नव्हते, कारण ते काम सडाच करीत होता.

एवढ्या संहाराचा परिणाम काय झाला? इनाम बंद झाल्यानंतरच्या दशकांतही जिल्ह्यात फुरशी विपुल होती आणि सर्पदंशाने माणसे मरतच होती. याचे कारण या सर्पाच्या जीवनक्रमातच आहे. मादी दरवर्षी अनेक जिवंत पिले देते. तिचे भक्ष्य असलेले विंचू, सरडे व बेडूक सड्यावर अमाप असतात. एका दगडाखालची जागा रिकामी झाली की शेजारच्या फटीतील सर्प ती घेतो. शिवाय माणसाचा हात पोहोचतो तो भाग सड्याचा लहानसा अंश असतो, बाकीचे कातळ व घळी अस्पर्श राहतात. प्रस्तुत लेखकाच्या मते मोहिमेचा मूळ दोष मोजमापात होता. प्रशासनाने यशाची खूण म्हणून मेलेल्या सर्पांची संख्या घेतली. दंश किती झाले, ते कोणाला, कोठे व कोणते काम करताना झाले आणि त्यांपैकी किती जण वाचले, याचा हिशेब तिच्यासमोर क्षुल्लक ठरला. मारलेल्या सर्पाला इनाम होते. अनवाणी गवत कापणाऱ्या बाईच्या पायात वहाण असावी, यासाठी मात्र कोणतीही तरतूद नव्हती.

हा दोष पूर्णपणे एका जिल्ह्याचा नव्हता. सर जोसेफ फेरर यांनी १८६९ या वर्षातील मृत्यूंची माहिती गोळा केली, तेव्हा बंगाल इलाख्यातच ११,४१६ सर्पदंशमृत्यू नोंदले गेले. त्यांचा थॅनॅटोफिडिया ऑफ इंडिया हा ग्रंथ १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर हिंदुस्थान सरकारच्या वार्षिक अहवालांत सर्पांनी व श्वापदांनी मारलेली माणसे आणि माणसांनी मारलेले सर्प व श्वापदे यांचे तक्ते नियमाने येऊ लागले. दोन्ही रकाने शेजारी-शेजारी असत, पण एका रकान्याचा दुसऱ्यावर काही परिणाम होतो की नाही, हे फारसे कोणी तपासले नाही.

तपासणाऱ्या थोड्यांपैकी एक जॉर्ज विल्यम व्हिडाल हे होते. ते मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेतील अधिकारी असून त्यांनी रत्नागिरी जिल्ह्यात दीर्घकाळ काम केले. दक्षिण कोकणातील पक्ष्यांची त्यांची यादी १८८० मध्ये प्रसिद्ध झाली. रत्नागिरी व सावंतवाडी यांचा समावेश असलेला मुंबई गॅझेटियरचा दहावा खंडही त्याच वर्षीचा होय. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या नियतकालिकात १८९० मध्ये व्हिडाल यांचा उत्तर कानडा जिल्ह्यातील विषारी सर्पांवरील लेख आला. त्यात त्यांनी इलाख्यातील वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या मृत्यूसंख्या पडताळून पाहिल्या. नाग सर्वत्र आढळतो, परंतु सर्पदंशाच्या मृत्यूंचे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. जेथे फुरशी विपुल, जसे रत्नागिरी व सिंधचे जिल्हे, तेथे ते उंचावते, असे त्यांच्या लक्षात आले. मुंबई इलाख्यातील सर्पदंशमृत्यूंना नागापेक्षाही फुरसे अधिक जबाबदार आहे, हा त्यांचा निष्कर्ष त्या काळच्या समजुतीला छेद देणारा होता. फुरसे लहान म्हणून त्याचे विष सौम्य, असे मानणारे अनेक होते. व्हिडाल यांनी ते मत आकड्यांनी खोडून काढले, हे त्यांचे खरे कार्य होय.

त्यांच्या पुराव्याचा दुसरा भाग रत्नागिरीच्या सरकारी रुग्णालयातून आला. तेथे फुरशाच्या दंशाने दगावलेल्या ६२ रोग्यांच्या नोंदींवरून मृत्यू सरासरी साडेचार दिवसांनी आला, असे दिसते. काहींना तर त्याहून बराच अधिक काळ लागला. हा तपशील वरवर कोरडा आहे, परंतु त्यात फुरशाच्या विषाचे सर्व रहस्य साठवलेले आहे. नागाचे विष मज्जासंस्थेवर आघात करते आणि रोगी काही तासांतच श्वास बंद पडून दगावू शकतो. फुरशाच्या विषातील एक घटक रक्तातील प्रोथ्रॉम्बिन या द्रव्याला अकाली उत्तेजित करतो. त्यामुळे रक्त गोठविणारे फायब्रिनोजेन संपून जाते आणि उरलेले रक्त गोठतच नाही. दंशाच्या जागी सूज व वेदना येतात. पुढे हिरड्यांतून, जुन्या जखमांतून, लघवीतून रक्त येऊ लागते, आणि मेंदूत रक्तस्राव झाल्यास किंवा मूत्रपिंडे निकामी झाल्यास रोगी दगावतो. म्हणजे रोगी आणि घरचे लोक दोन दिवस ‘बरे आहे’ असे समजत राहतात. साडेचार दिवसांची ही मुदत म्हणजे उपचार करण्यास मिळालेला अवधी होता, पण त्या काळी वैद्यकाजवळ त्या अवधीत देण्याजोगे काहीच नव्हते.

जे होते, ते अपायकारक होते. दंशाची जागा कापणे, डाग देणे, घट्ट आवळून बांधणे, अमोनिया व मद्य पाजणे, हे तेव्हाचे मान्य उपाय. विसाव्या शतकाच्या आरंभी पोटॅशियम परमँगॅनेट जखमेत चोळण्याची शिफारस झाली. ज्याचे रक्त गोठत नाही अशा मनुष्याच्या पायावर शस्त्राने चीर देणे म्हणजे दुसरी जखम उघडी ठेवणे होय. मांत्रिक निदान कापत तरी नसे!

रक्तलसीचा शोध १८९४ मध्ये पॅरिस येथे लागला. आल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावर तयार केलेली लस सर्व सर्पविषांवर चालेल, अशी आशा त्यांनी व्यक्त केली होती. मुंबईत प्लेग संशोधन प्रयोगशाळेत काम करणारे जॉर्ज लँब यांनी १९०० नंतरच्या काही वर्षांत प्रयोगांनी दाखवून दिले, की एका सर्पाची लस दुसऱ्याच्या विषाला उतारा ठरत नाही. ही प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली होती. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. भारतात प्रथम जी लस कसौली येथे बनली, ती नाग व घोणस यांच्यापुरती होती. रत्नागिरीच्या रोग्याला तिचा उपयोग नव्हता. चारही सर्पांविरुद्ध चालणारी बहुगुणी लस हाफकिन संस्थेत १९४० नंतर तयार होऊ लागली. १९७५ मध्ये उत्पादनाचे काम संस्थेपासून वेगळ्या केलेल्या महामंडळाकडे गेले. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तातून प्रतिद्रव्ये काढणे, ही मूळ पद्धत मात्र आजतागायत बदललेली नाही. प्रमाणित लसीचा प्रत्येक मिलिलिटर फुरशाचे ०.४५ मिग्रॅ. विष निष्प्रभ करतो, असे ठरलेले आहे.

लसीने जे साधले, ते इनामाने साधले नव्हते. फुरशाचा रोगी वेळेवर पोहोचला तर तो बहुधा वाचतो, कारण साडेचार दिवसांची ती मुदत आता त्याच्या बाजूची झाली. निदानालाही मोठी यंत्रणा लागत नाही. रोग्याचे थोडे रक्त स्वच्छ काचनळीत घालून ती वीस मिनिटे न हलवता ठेवावी आणि मग तिरपी करावी. रक्त ओघळले, तर विष भिनले आहे. प्राथमिक आरोग्यकेंद्रातही होऊ शकणारी ही साधी चाचणी अनेक प्राण वाचवीत आली आहे.

तरीही प्रश्न मिटलेला नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मरण पावली, म्हणजे वर्षाला सुमारे ५८,०००, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासाने केला. सरकारी नोंदींतील आकडे याच्या अंशमात्र असतात. सर्पदंश हा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोग असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये मान्य केले. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचा केंद्र सरकारचा राष्ट्रीय कृती आराखडा मार्च २०२४ मध्ये जाहीर झाला. लसीसाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येते. ती १९७८ मध्ये स्थापन झाली. मात्र एकाच जातीच्या सर्पाचे विष प्रदेशाप्रदेशानुसार बदलते, हे आता सिद्ध झालेले आहे. त्यामुळे तमिळनाडूच्या फुरशाच्या विषापासून बनलेली लस कोकणातील फुरशावर तितक्याच प्रमाणात चालते की अधिक कुप्या लागतात, हा प्रश्न संशोधकांपुढे आहे. वर उल्लेखिलेल्या वळलेल्या नाकाच्या सर्पावर तर ही लस चालतच नाही, आणि लहान चणीमुळे त्याला फुरसे समजण्याची चूक सहज होते.

सड्यांचे रूपही बदलले आहे. देवगड व मालवण भागांत कातळ फोडून, माती भरून हापूसची कलमे लावण्यात आली. काजूच्या बागा वाढल्या आणि चिऱ्यांच्या खाणी खोल गेल्या. फुरशाचे काही माळ यामुळे गेले, तरी बागांचे गडगे, चिऱ्यांचे ढीग व आंब्याखालचा पातेरा ही त्याला तितकीच सोयीची ठिकाणे ठरली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सर्प मारणे हा गुन्हा झाला. ज्या सर्पाच्या मृतदेहासाठी सरकार एके काळी इनाम देत होते, तोच आता सरकारच्या संरक्षणाखाली आला. त्याच्या विषातून औषधही निघाले. एकिस्टॅटिन या विषातील प्रथिनाच्या धर्तीवर टिरोफिबन हे द्रव्य तयार करण्यात आले. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनीत गुठळी होऊ नये म्हणून ते दिले जाते आणि १९९८ पासून वापरात आहे.

१८६२ च्या मोहिमेसारखी शिकार आता होत नाही. घरात किंवा अंगणात फुरसे निघाल्यास प्रशिक्षित सर्पमित्राला बोलाविण्याची रीत सिंधुदुर्गात रूढ होत आहे. भाताच्या खाचरात व आंब्याच्या बागेत काम करणाऱ्यांच्या पायांत आता बूट दिसतात, मात्र सगळ्यांच्या नाहीत. गवत कापताना एका हातात विळा व दुसऱ्या हातात गवताची मूठ धरलेली असते. दंशाचा धोका अजून तेथेच, त्या मुठीजवळ असतो.